रेसच्या घोड्याला डॉक्टर, वरातीच्या घोड्याला कोण? घोड्यांच्या फ्लूबद्दल हे माहीत हवं

तुळशीचं लग्न लागलं की वरळी कोळीवाड्यात हळदीचे मांडव पडतात. गल्ल्या अरुंद, म्हणून वरातीची घोडी मोठ्या रस्त्यावरच उभी असते. त्याच सुमारास, इथून चार-पाच किलोमीटरवर, महालक्ष्मी रेसकोर्सवर मुंबईतल्या शर्यतींचा मोसम सुरू होतो. पुण्याचा मोसम आटोपून घोडे ट्रकने मुंबईत येतात. म्हणजे लग्नसराई आणि रेस, दोन्ही एकाच वेळी. घोड्यांचा फ्लू समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी.

नेमका आजार काय?

इक्वाइन इन्फ्लुएंझा हा श्वसनमार्गाचा विषाणूजन्य आजार आहे. सध्या जगभर फिरणारा विषाणू एच३एन८ प्रकारचा. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप चढतो, कोरडा खोकला लागतो, नाक वाहतं आणि घोडा चारा सोडतो. बहुतेक घोडे बरे होतात. पण शिंगरं आणि गाढवं यांना तो जड जाऊ शकतो. माणसांना सहसा लागण होत नाही.

भारतात आला होता का?

हो. १९८७ मध्ये आला आणि पुन्हा जून २००८ मध्ये. दुसऱ्या वेळी सुरुवात झाली जम्मूतल्या कटऱ्याहून, जिथे वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना घोडे आणि खेचरं वाहून नेतात. पुढच्या वर्षभरात तो अनेक राज्यांत पसरला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने याच कटऱ्याच्या विषाणूवरून लस अद्ययावत केली.

भिंत बांधली की झालं?

नाही. ऑस्ट्रेलियाने हे महागात शिकून घेतलं. ऑगस्ट २००७ मध्ये जपानहून आलेले घोडे सरकारी विलगीकरण केंद्रात होते, तरी विषाणू बाहेर पडला आणि सिडनीतल्या शर्यती बंद पडल्या. चौकशीत दिसलं की केंद्रात जाणाऱ्या-येणाऱ्यांची स्वच्छता नीट पाळली जात नव्हती. विषाणू बहुधा माणसांच्या अंगाकपड्यांवरून किंवा सामानावरून बाहेर गेला.

इंजिनीअरिंगला नेटवर्क शिकवताना सर सांगायचे, सगळ्यात महागडं मशीन बघू नका, सगळ्यात दुर्लक्षित बघा. रेसच्या घोड्याची नोंद असते, डॉक्टर असतो, लसीची तारीख लिहिलेली असते. वरातीच्या घोड्याकडे यातलं काय असतं? एका रात्रीत दोन वराती, तीच बादली, तोच लगाम, तोच खरारा. नाल ठोकणारा एका तबेल्यातून दुसऱ्यात जातो, ते वेगळंच.

मग करायचं काय?

साथीच्या काळात घोड्याचा ताप रोज दोनदा मोजावा. गुदद्वारात थर्मामीटर लावून साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट हे ठीक. त्याहून जास्त असेल तर काम बंद आणि डॉक्टरला फोन. ताप खोकल्याच्या आधी दिसू शकतो, म्हणून थर्मामीटर इतकं महत्त्वाचं. आजारी घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा. शक्यतो एकाच माणसाने त्याला हाताळावं आणि निरोगी घोड्यांचं आधी उरकून मग त्याच्याकडे जावं. नंतर साबणाने हात धुऊन कपडे बदलावेत. हा विषाणू साबणाने मरतो. नवीन आणलेला घोडा लगेच जुन्यांत मिसळू नये. लसीचे पहिले दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात, नंतर बूस्टर लागतात. त्यामुळे साथ दारात आल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नाही.

खरी अडचण विश्रांतीची आहे. जितके दिवस ताप, तितके आठवडे आराम, आणि किमान तीन आठवडे. ऐन लग्नसराईत तीन आठवडे घोडा बांधून ठेवायचा म्हणजे घरची चूल कशावर पेटवायची? २००९ च्या कायद्याने अशा आजाराची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. पण बुडालेल्या कमाईचा विचार झाला नाही, तर मालक खोकला लपवणारच, असं मला वाटतं.

घरात लग्न असेल तर घोडी ठरवतानाच लसीबद्दल विचारा. दारात आलेली घोडी खोकत असेल, नाक वाहत असेल, तर नवरदेवाला चालत न्या. आगाऊ दिलेले पैसे मात्र परत मागू नका. मालकाला परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता दाखवा. वरळीहून ते काही लांब नाही.