जमिनीखालच्या भानगडी

‘जमिनीखाली तापमान बारमाही स्थिर, म्हणून वीजबिल कमी’ ही जिओथर्मल एसीची जाहिरात सगळ्यांना पाठ आहे. आता ती गणिते जिथे शिजतात, तिथले किस्से.

इमारतीच्या ऊर्जेचे गणित मांडणाऱ्या एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरला जमिनीचे तापमान सांगितले नाही, तर ते मुकाट्याने तळमजल्याखाली बाराही महिने 18 अंश धरते. आळशी मॉडेलर तेवढ्यावर रन मारून चहाला जातो. चोख मॉडेलर हवामानाच्या फाइलमधले जमिनीचे आकडे उचलतो. ते आकडे मोकळ्या रानाचे. वातानुकूलित इमारतीखालची जमीन इमारतीच्या संगतीने वागते. मॅन्युअलमध्ये तसा इशारा आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण? अमेरिकेतल्या मोठ्या कार्यालयांपुरते तरी आळशाचेच उत्तर जास्त बरोबर निघते.

जिओथर्मल एसीने जमिनीतल्या बोअरमध्ये सोडलेली उष्णता भोवताली कशी मुरते, याचे वक्र स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेर एस्किलसन यांनी 1987च्या प्रबंधात मांडले. आवाका केवढा? 100 मीटरच्या बोअरभोवतीची जमीन स्थिरावायला साधारण तीस-पस्तीस वर्षे लागतात, तिथपर्यंतचा. नीट दिसत नव्हते ते सुरुवातीचे तास. आणि एसीचा सगळा खेळ तासांचा! अमेरिकेतल्या ओक्लाहोमात यावुझतुर्क आणि स्पिटलर यांनी 1999 मध्ये वक्राला ते तास जोडले, तेव्हा कुठे दशके पाहणाऱ्या गणिताला आजची दुपार दिसू लागली.

जमीन उष्णता किती वाहून नेते, हे बोअरमध्ये गरम पाणी फिरवून मोजतात. त्यासाठीची फिरती गाडी नव्वदच्या दशकात स्वीडनमधल्या लुलेओत आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, एकमेकांना न विचारता तयार झाली. पहिला मान कोणाचा? कल्पना पाल्ने मोगेनसेन यांनी 1983 मध्येच मांडून ठेवली होती! नेहमीचे सोपे सूत्र मात्र हीटरची वीज एकसारखी असल्याचे धरून चालते. दोनेक दिवसांच्या चाचणीत जनरेटरचे व्होल्टेज डुलले, की जमिनीऐवजी जनरेटरच मोजला जातो.

खरा तंटा वर्षांचा. ऊर्जा-अहवालाला एका वर्षाचा रन पुरतो. बोअरची लांबी ठरवणारा वीस वर्षे पुढचे पाहतो. उष्ण प्रदेशात इमारत जमिनीत उष्णता ओतते फार, परत घेते थोडी. जमीन वर्षागणिक तापत जाते आणि पहिल्या वर्षाच्या अहवालाला त्याचा पत्ताही नसतो. विसाव्या वर्षाचा आकडा टेबलावर येतो, तोवर जादा बोअरचे पैसे संपलेले असतात. मग तडजोड म्हणून गच्चीवर कूलिंग टॉवर चढतो. जो टाळायला एवढे खोदकाम केले, तोच. ब्रोशरवर फोटो अर्थात लॉनचाच.