तिच्या हक्काचा एक तास

कॉलेजातला मुलगा रात्री कॉम्प्युटरपुढे बसला, की आई हळूच दुधाचा पेला आणून ठेवते. मुलगी बसली, की स्वयंपाकघरातून हाक येते, "अगं, ते राहू दे, आधी ओटा आवर!" मैत्रिणींनो, मी फार वाढवून सांगतेय का? आपापल्या घरातलं जरा आठवून बघा.

आमच्या शेजारची मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहाटे उठून झाडलोट, स्वतःचा डबा, मग पावणेसातची एसटी. खिशात सवलतीचा पास, खांद्यावर जर्नलांनी फुगलेली सॅक. लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स उरकून तीनला घरी. मग धाकट्या भावाचा अभ्यास, संध्याकाळच्या पोळ्या. रात्री नऊनंतर जुन्या, सेकंडहॅंड लॅपटॉपवर तिचा छंद सुरू होतो, वेबसाइट बनवण्याचा.

मला वाटायचं, ही मोठमोठ्या कंपन्यांची कामं. तिने साध्या नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या, फाइल ब्राउझरमध्ये उघडली आणि पान तयार! "काकू, एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी, आणि जावास्क्रिप्ट म्हणजे विजेची बटणं. दाबलं की काहीतरी घडतं." एवढं करायला इंटरनेटसुद्धा लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात तर सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही फुकट मिळतात.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत या वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. म्हणून तर आज आपल्या गल्लीतल्या मुलीला कुणाची परवानगी न घेता, पैसा न मोजता पान बनवता येतं.

सुरुवातीला तिने मैत्रिणीच्या वाढदिवसाचं पान केलं, मग टक्केवारी काढायचं. आणि एक दिवस पाण्याचं! आमच्या गावाचे पाण्यासाठी चार भाग आहेत, एकेका भागाला चार दिवसांतून एकदा पाणी. "आज कुणाचं पाणी गं?" हा प्रश्न रोज दारोदार. तिने काय केलं, एक सुरुवातीची तारीख धरली. त्यानंतर किती दिवस झाले ते मोजायचं आणि चाराने भागायचं. बाकी शून्य उरली तर पहिला भाग, एक उरली तर दुसरा. चौथीतला भागाकार! पण मोबाइलवर आपली गल्ली निवडली, की पाण्याचा दिवस समोर. 'गिटहब'वर असं साधं पान ठेवायला पैसे पडत नाहीत. महिनाभरात बचत गटाच्या सगळ्या बायका ते बघायला लागल्या.

मग उन्हाळ्यात पंप बिघडला. पाळी एक दिवस पुढे गेली, पण पान आपलं जुनाच हिशेब सांगत राहिलं. खालच्या आळीतल्या बायकांनी त्यावर भरवसा ठेवून पिंपं रिकामी करून घासून ठेवली, आणि नळाला थेंब नाही. तिघी-चौघी तिच्या आईकडे तणतणत आल्या. आई संतापली. "बास झाले हे उद्योग! उद्यापासून लॅपटॉप कपाटात."

मी आईशी बोलायला गेले. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. "वहिनी, लोकांची बोलणी मला खावी लागतात. आणि रात्री-अपरात्री मुलगी इंटरनेटवर, कोण कुठला ओळख काढेल, सांगता येतं का?" तेव्हा मुलीनेच आईला शेजारी बसवून सगळं दाखवलं. पानावर ना तिचा फोटो, ना घरचा नंबर, ना पत्ता. पाणी सोडणाऱ्या काकांचा नंबर टाकायचा तिचा विचार होता. आधी त्यांना विचारलं, तर ते हात जोडून म्हणाले, "नको गं बाई, पहाटे चारपासून फोन सुरू होतील!" तो तिने टाकला नाही. पण पाळी बदलली की तिला कळवायचं मात्र काकांनी कबूल केलं.

आणि चूक? तीही तिनेच निस्तरली. आता पानाच्या डोक्यावर ठळक लिहिलेलं असतं, माहिती शेवटची कधी तपासली ते. एका दिवसाहून जुनी झाली, की आपोआप लाल पट्टी येते, 'खात्री करून घ्या'. आपण लिहिलेल्यावर कुणाचं तरी पिंप अवलंबून आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. हा धडा कुठल्या जर्नलात मिळणार होता?

लॅपटॉप कपाटात गेला नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. एक कंस बंद करायचा राहिला, की सगळं पान अडतं. तो शोधायला अर्धा तास लागतो, आणि मधे कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. विणताना टाके मोजत असलो आणि कुणी मधेच बोललं, की आपलं कसं होतं? तसंच. आपल्या मुलींना वेळ मिळतो, पण असा तुकड्यातुकड्यांचा.

"याचे पैसे किती मिळतात?" असं लगेच विचारू नका. पुढे नोकरी लागेल, न लागेल. पण गल्लीची अडचण बघून स्वतः उत्तर शोधायची सवय तिला लागते आहे, ती कुठेही उपयोगी पडेल.

शेजारच्या घरी आता ठरलंय. नऊ ते दहा तिचे. ओटा भाऊ पुसतो, कुरकुरत का होईना! तुमच्याही घरी अशी एखादी असेल. पहाटे पाणी भरायला तिला खुशाल उठवा, पण रात्रीचा तो एक तास तिला हाक मारू नका.