२०० कोटींचे बुक

फोर्टमधील संपत्ती-व्यवस्थापनाच्या एका पेढीत मी मुद्दाम गेलो, याचे कारण असे की, एका समारंभात तेथील एका बाईंची ओळख मला 'यांचे बुक २०० कोटींचे' अशी करून देण्यात आली आणि त्यांचे नाव मात्र मला मागाहून विचारून घ्यावे लागले. बुक म्हणजे त्यांच्यावर सोपविलेल्या ग्राहकांच्या गुंतवणुकीची बेरीज. जेथे पोर्टफोलिओ व्यवस्थापनाचे खाते ५० लाखांखाली उघडताच येत नाही, तेथे रकमेचे महत्त्व कोण नाकारील? परंतु रकमेने माणसाच्या नावाची जागा घ्यावी, हे मला मानवले नाही.

सकाळ बाजाराची टिपणे, बैठक आणि दूरध्वनी यांत गेली. दुपारी एक वृद्ध गृहस्थ दिवंगत पत्नीच्या नावाची शेअर प्रमाणपत्रे कापडी पिशवीत घालून आले. पिशवी उघडताच डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास त्या वातानुकूलित खोलीत पसरला. तो वास अद्याप माझ्या मनातून जात नाही. कारण तो येताच बाईंनी संगणक बाजूला सारला आणि आपली खुर्ची त्या गृहस्थांशेजारी ओढून घेतली. कुठे माहेरचे नाव, कुठे नुसती आद्याक्षरे. ज्या कंपनीचा लाभांश सलग ७ वर्षे कोणी उचलला नव्हता, तिचे शेअर सरकारी निधीत जमा झालेले. आणि एका कंपनीतील कागदी शेअरांची किंमत ५ लाखांवर गेल्यामुळे वारसाहक्काचा रीतसर दस्तऐवज हजर करणे प्राप्त. हे सारे त्या इतक्या धीराने समजावीत होत्या की, आरंभी थरथरणारे ते गृहस्थ हळूहळू पत्नीच्या आठवणी सांगू लागले.

या कामाचा पेढीला मोबदला नाही आणि २०० कोटींत त्याने तत्काळ भरही पडत नाही. पूर्वीच्या एका नोकरीत वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता, असे बाई म्हणाल्या. येथे मात्र पहिल्याच वर्षी साहेबांनी आकडे वाचून झाल्यावर अशाच एका प्रकरणाची फाइल पुढे ठेवली आणि विचारले, "हे तुम्ही कसं सोडवलंत? नव्या मुलांना शिकवाल?"

"त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं," बाई म्हणाल्या. "बोनसचं कधी असं सांगितलं नव्हतं."

पुढे एका प्रतिस्पर्धी पेढीने दीडपट पगार देऊ केला. तेथील पहिला प्रश्न होता, "२०० कोटींपैकी किती तुमच्याबरोबर येतील?" ग्राहकांची नावे, त्यांची दुखणी, त्यांच्या घरांतील वाटण्या ज्यांना मुखोद्गत आहेत, त्या बाईंना एवढेच विचारावे, याचा मला मनस्वी खेद झाला. त्यांनी ती नोकरी नाकारली.

आता दर गुरुवारी दुपारी नवी मुले त्यांच्यापाशी शिकायला बसतात. मी निघालो तेव्हा त्या एका तरुणाला नावांतील तफावतीचे प्रतिज्ञापत्र लिहायला शिकवीत होत्या, आणि त्याने तीनदा खोडलेला मसुदा चौथ्यांदा त्याच्याकडूनच लिहवून घेत होत्या.