गुऱ्हाळापासून ओतशाळेपर्यंत: कोल्हापूरच्या उद्योगांची घडण

एखाद्या शहराची आर्थिक ताकद तेथील कारखान्यांच्या संख्येवरून मोजण्याची सवय सर्वत्र आढळते. परंतु एकाच मालावर किंवा एकाच मोठ्या गिरणीवर जगणारे शहर भरभराटीच्या काळात कितीही संपन्न दिसले, तरी तो एक आधार खचताच त्याची काय अवस्था होते, हे गिरण्या बंद पडलेल्या अनेक गावांनी अनुभवले आहे. म्हणूनच अर्थशास्त्रात ‘आर्थिक वैविध्य’ या कल्पनेला महत्त्व दिले जाते. शहराचे उत्पन्न आणि रोजगार अनेक प्रकारच्या धंद्यांत विभागलेले असणे, आणि एका धंद्याची मागणी घटली तर तेथील माणसे, यंत्रे व भांडवल दुसऱ्या धंद्यात वळू शकणे, असा तिचा अर्थ सांगता येईल. या व्याख्येतील पहिला भाग सहज डोळ्यांत भरतो, दुसरा दिसत नाही. आणि लहान शहरांच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो हा दुसरा भागच. ज्याच्याजवळ बंदर नाही, राजधानीचा मान नाही आणि मोठ्या भांडवलाचा ओघही नाही, अशा शहराने हे वळण घेण्याची क्षमता कोठून आणावी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोल्हापूरचा इतिहास फार उपयोगी पडतो. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे साडेपाच लाख लोकसंख्या असलेले, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मानाने लहानच म्हणावे असे हे शहर, गुळाच्या पेठेपासून निघून ओतीव लोखंडाच्या देशभर नावाजलेल्या केंद्रापर्यंत पोहोचले.

या प्रवासाचा आरंभ पाण्यात आणि उसात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, संस्थानाने शेतमालाच्या व्यापाराला जाणीवपूर्वक बळ दिले. मिरजेहून येणारा लोहमार्ग १८९१ साली कोल्हापुरात पोहोचलेला होताच; १८९५ साली स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवण्यात आली आणि परिसरातील गूळ तेथून बाहेरगावी जाऊ लागला. १९०६ साली शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली, तर १९०७ च्या सुमारास भोगावती नदीवरील राधानगरी धरणाची योजना हाती घेण्यात आली. ते धरण पुढे स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले. यांपैकी मिल कालांतराने बंद पडली. पेठ आणि पाणी मात्र टिकले आणि शहराच्या उद्योगाला खरी दिशा मिळाली ती त्यांच्यातूनच, ही बाब कारखाना आणणे म्हणजेच औद्योगिक विकास असे मानणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घेण्यासारखी आहे.

नदीतील पाणी शेतापर्यंत पोहोचवण्याची या भागातील रीत मुद्दाम समजून घ्यावी लागते. ‘कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा’ या नावाने सर्व महाराष्ट्रात ओळखल्या जाणाऱ्या रचनेत नदीच्या पात्रात दगडी खांब उभारलेले असतात आणि पावसाळा सरला की त्या खांबांमधील खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवले जाते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी हे बरगे काढून पुराला वाट मोकळी करून दिली जाते. अशा बंधाऱ्याचे पाणी पात्रातच साठते, कालव्याप्रमाणे उताराने शेतात येत नाही, त्यामुळे ते वर उचलावे लागते. उचलण्यासाठी पंप हवा आणि तो चालवण्यासाठी, खेड्यात वीज पोहोचण्यापूर्वीच्या काळात, तेलावर चालणारे इंजिन हवे. पंचगंगेच्या खोऱ्यात ऑइल इंजिनाला जी मागणी निर्माण झाली, तिचे मूळ अशा रीतीने नदीच्या पात्रातच होते.

गुऱ्हाळानेही यंत्रांची गरज वाढवली. चरकात ऊस पिळून निघालेला रस मोठ्या काहिलीत, चिपाडाच्या जाळावर, तासन्‌तास उकळत ठेवायचा, भेंडीचा रस घालून वर आलेली मळी काढायची आणि पाक योग्य टप्प्यावर येताच काहील चुलवाणावरून उतरवायची, हे काम वेळ अचूक साधण्याचे असते. रस पिळून झाला की तो फार काळ ठेवता येत नाही, तो आंबतो. त्यामुळे हंगामात चरकाचा लाट मोडला किंवा इंजिन बंद पडले तर उसाचे आणि मजुरीचे नुकसान त्याच दिवशी सुरू होते. दुरुस्ती जवळपास आणि ताबडतोब होणे ही या धंद्याची गरज होती, आणि त्या गरजेपोटीच शहरात मिस्त्री मंडळींच्या लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या.

दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राचे अंतरंग विक्रेत्यापेक्षाही अधिक कळते. कोणता भाग आधी झिजतो, कोणता तडकतो, कोणत्या जागी थोडे जाड लोखंड घातले असते तर बिघाड टळला असता, हे ज्ञान त्याच्या हाती रोजच्या कामातून जमा होत जाते. इंग्लंडहून आलेल्या इंजिनांचे सुटे भाग महाग होते, त्यांना यायला वेळ लागे आणि महायुद्धाच्या काळात तर ही आवक अत्यंत अनिश्चित झाली. ते भाग येथेच ओतून, लेथवर कातून बसवण्याखेरीज मार्ग उरला नाही, आणि सुटे भाग करता करता पुढे पूर्ण इंजिनच कोल्हापुरात तयार होऊ लागले. यशवंत पोवार, म्हादबा मिस्त्री यांच्यासारख्या उद्यमी कारागिरांची नावे या वाटचालीशी जोडलेली आहेत. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी विदेशी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता येथेच कॅमेरा घडवला आणि त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला, ही हकीकत सहसा कलेच्या इतिहासात सांगितली जाते. खरे पाहता ती यंत्रविद्येच्या इतिहासातही तितक्याच मानाने नोंदवली जायला हवी, कारण जो माल बाहेरून येतो तो उघडून पाहावा आणि आपण करून पाहावा ही या शहराची वृत्ती त्यात स्पष्ट दिसते.

जेन जेकब्ज या अभ्यासक लेखिकेने १९६९ च्या ‘द इकॉनॉमी ऑफ सिटीज’ या ग्रंथात शहरांच्या वाढीचे जे स्पष्टीकरण दिले, त्याच्याशी हा अनुभव पुष्कळसा जुळतो. त्यांच्या मते शहर वाढते ते जुन्या कामाला नवे काम जोडत, आणि पूर्वी बाहेरून आणावा लागणारा माल स्वतः तयार करू लागून. या दुसऱ्या क्रियेला आयात-पर्याय असे म्हणता येईल. कोल्हापूरच्या बाबतीत यात एका गोष्टीची भर घालावी लागते. गावोगाव वीज पोहोचली तशी शेतातील इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आणि ज्या मालावर शहराने नाव कमावले होते त्याचीच मागणी ओसरू लागली. तरीही शहर बसले नाही, कारण इंजिनासाठी ज्यांनी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायला शिकून घेतले होते त्यांना पंपाचे, ट्रॅक्टरचे, मोटारीचे आणि यंत्रसामग्रीचे भागही ओतता येत होते. मालाची जात बदलली, कसब तेच राहिले. लहान शहराचे मुख्य भांडवल त्याच्या विशिष्ट उत्पादनात नसून असे एका मालावरून दुसऱ्या मालावर नेता येणाऱ्या कसबात असते, हा कोल्हापूरच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा धडा आहे.

हे कसब नेमके कशाचे आहे, हे फौंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, काय घडते ते पाहिल्याशिवाय उमगत नाही. ज्या आकाराचा भाग हवा त्याची प्रतिकृती आधी लाकडात किंवा धातूत करतात. तिला पॅटर्न म्हणतात. ही प्रतिकृती वाळूत दाबून साचा तयार होतो, भागाला आतून पोकळी हवी असेल तर वाळूचाच घट्ट केलेला गाभा, म्हणजे कोअर, साच्यात बसवतात आणि भट्टीतून आलेला, चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला धातूचा रस त्यात ओततात. वाळूत ओल अधिक राहिली तर वाफेचे बुडबुडे धातूत अडकून भाग सच्छिद्र होतो, कोअर किंचित सरकला तर भिंत एका बाजूला पातळ पडते, आणि रस ओतताना हात क्षणभर थांबला तर दोन प्रवाह एकजीव होत नाहीत व नेमक्या त्या जागी भाग पुढे तडकतो. हे दोष बाहेरून नेहमी दिसत नाहीत. म्हणून ओतकामात वर्षानुवर्षांच्या सरावाला जे मोल आहे ते केवळ नवी यंत्रे आणून भरून निघत नाही.

आज कोल्हापूर आणि परिसरात अशा सुमारे ३०० ओतशाळा आहेत आणि त्यांच्याभोवती पॅटर्न करणारे, कोअर पुरवणारे, ओतलेल्या भागांचे कातकाम करणारे, भट्ट्यांची देखभाल करणारे असे असंख्य लहान व्यावसायिक आहेत. एकाच प्रकारचे उद्योग एका ठिकाणी एकवटल्याने प्रत्येकाला जो लाभ होतो त्याचे विवेचन आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये केले होते. कुशल कामगार सहज मिळतात, पूरक धंदे शेजारीच उभे राहतात आणि कामातील युक्त्या एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पसरतात, असे त्याचे सार सांगता येईल. आजच्या धोरणभाषेत अशा एकवटलेल्या उद्योगांना ‘क्लस्टर’ म्हणजे उद्योगसमूह म्हणतात. कोल्हापूरला भूगोलानेही साथ दिली. साच्यांना लागणारी सिलिका वाळू घाट चढून सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून येते, तर कच्चे लोखंड गोव्यातून आणि कर्नाटकातील कोप्पळसारख्या ठिकाणांहून मिळू शकते.

या सर्वांत शहराचा म्हणून वाटा कोणता, हा प्रश्न उरतो. पहिला वाटा जागेचा आहे. ऐन शहरातील शिवाजी उद्यमनगराने लहान कारागिराला शेजारी-शेजारी गाळे दिले आणि एका लेथवर धंदा सुरू करणे शक्य केले. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथे औद्योगिक वसाहती उभारल्या, तेव्हा गाळ्यांत वाढलेल्या धंद्यांना विस्तारण्याची सोय झाली. या दोन प्रकारच्या जागांपैकी धोरणकर्त्यांचे लक्ष सहसा दुसरीकडेच असते. वास्तविक स्वस्त, जुना, दाटीवाटीचा गाळा हीच नव्या उद्योजकाची पहिली पायरी असते, आणि शहराच्या मध्यभागातून अशा गाळ्यांना हुसकावून लावणारे नियोजन पुढच्या पिढीच्या उद्योगाचे मूळच कापत असते.

दुसरा वाटा सामायिक सोयींचा. ओतकाम झाल्यावर उरलेली काळी वाळू हा या उद्योगाचा जुना प्रश्न आहे. तिच्यात चिकटद्रव्ये मिसळलेली असल्याने ती कोठेही टाकून चालत नाही आणि तितकीच नवी वाळू घाटाखालून आणावी लागते. ही वाळू प्रक्रिया करून पुन्हा साच्यायोग्य करता येते, परंतु त्यासाठीचे यंत्र एकट्या लहान ओतशाळेला परवडणारे नसते. कोल्हापूर फौंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टर या संस्थेमार्फत उद्योजकांनी शासकीय योजनेच्या साहाय्याने वाळूच्या पुनर्वापराची सामायिक सोय उभी केली. एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी वाळूपुरते एकत्र यावे, ही गोष्ट सहकाराच्या परंपरेत वाढलेल्या या जिल्ह्यात तुलनेने सोपी गेली असावी. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील उद्योजकांच्या संघटना तसेच कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन यांनी रस्ते, पाणी आणि वीज यांसाठी सातत्याने केलेला पाठपुरावाही याच प्रकारात मोडतो.

एक उणीव मात्र शहराच्या रचनेतच आहे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, परंतु त्यानंतरच्या दीर्घ काळात हद्दवाढीचा वाद मिटला नाही आणि प्रमुख औद्योगिक वसाहती शहराच्या हद्दीबाहेरच राहिल्या. परिणामी ज्या उद्योगांवर शहर जगते त्यांचे नियोजन एका यंत्रणेकडे आणि त्यांतील कामगार राहतात त्या शहराचे दुसऱ्या यंत्रणेकडे, अशी विभागणी झाली. शेतजमीन आणि कर यांविषयी आसपासच्या गावांची भीती अनाठायी नाही, ती ऐकून घेतली पाहिजे. तरीही वाहतूक, पाणी आणि सांडपाणी यांचा एकत्रित विचार कोणीच करत नाही, ही स्थिती फार काळ परवडणारी नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली, तेव्हा कारखाने कोरडे असूनही माल हलू शकला नाही. २०२१ साली महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला.

वीजदराचा प्रश्न त्याहून जुना आहे. भट्टी विजेवर चालत असल्याने ओतशाळेच्या खर्चात विजेचा हिस्सा मोठा असतो, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात वीज स्वस्त पडते म्हणून तिकडे जाण्याचा विचार येथील उद्योजकांनी वेळोवेळी उघडपणे बोलून दाखवला आहे. सीमा कागलपासून अगदी हाकेच्या अंतरावर असल्याने तो पोकळ इशारा मानता येत नाही.

वैविध्याच्या दृष्टीने पाहिले तर कोल्हापूर जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेला लोखंडाखेरीज इतरही आधार आहेत: साखर, १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचा ‘गोकुळ’चा व्यवसाय, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम आणि २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल. परंतु ओतकामाच्या आत डोकावले तर चित्र तितके निर्धास्त नाही. वाहनउद्योगावरचे अवलंबन मोठे आहे आणि विजेवर चालणाऱ्या वाहनात इंजिनच नसल्याने सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड यांसारख्या भागांची गरज तेथे उरत नाही. ब्रेक, आस आणि सांगाड्याचे भाग मात्र लागतात. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह आणि अवजड यंत्रे यांनाही ओतीव लोखंड लागतच राहील, पण त्यांच्या कसोट्या वेगळ्या आणि अनेकदा अधिक कडक असतात. पूर्वी शेतातील इंजिनाची मागणी ओसरली तेव्हा जे वळण कारागिरांनी अनुभवाच्या बळावर घेतले, ते या वेळी धातुपरीक्षण, संगणकावरील आरेखन आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांच्याविना घेता येणार नाही. भट्टीजवळच्या उष्ण, धुळीच्या कामाकडे स्थानिक तरुण पाठ फिरवत आहेत आणि तेथे आज मोठ्या प्रमाणावर परप्रांतीय कामगार राबतात, हे पाहता त्या कामाची जागा अधिक सुरक्षित, प्रकाशमान आणि सन्मानाची करणे हाही उद्योगवाढीच्या खर्चाचाच भाग धरावा लागेल. आणि परगावाहून आलेल्या ज्या कामगाराच्या हाती आता हे कसब येत आहे, त्याला शहरात परवडणारे घर आणि मुलांना जवळची शाळा मिळते की नाही, यावर ते कसब कोल्हापुरातच मुरते की त्याच्याबरोबर निघून जाते हे ठरणार आहे.