आरोग्य नोंदींतील स्त्रियांचे अल्प स्थान

रुग्णालयातील केसपेपरची जागा आता संगणकातील नोंद घेऊ लागली आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. अशा नोंदींच्या आधारे रोगाचे पूर्वानुमान करणाऱ्या संगणकीय पद्धतीही विकसित होत आहेत. तथापि, संगणक पुरविलेल्या नोंदींवरूनच शिकतो. त्या नोंदींत स्त्रियांचे प्रमाण अल्प असेल, तर त्याचे निष्कर्षही एकांगी होण्याचा संभव असतो.

यकृतविकाराचे उदाहरण

आंध्र प्रदेशाच्या ईशान्य भागात संकलित झालेला, यकृतविकाराच्या रक्ततपासण्यांचा एक नोंदसंच अनेक देशांतील संशोधनात वापरला जातो. त्यातील ५८३ व्यक्तींपैकी ४४१ पुरुष, तर अवघ्या १४२ स्त्रिया आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी या संचावर आधारित निदानपद्धतींची स्त्री-पुरुषनिहाय छाननी करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विकारग्रस्त पुरुषांपैकी शेकडा २३ जणांचा, तर स्त्रियांपैकी शेकडा ४४ जणींचा विकार संगणकाला ओळखता आला नव्हता. एकत्रित सरासरीत हा दोष झाकला गेला होता. आकडे वेगळे करताच तो उघड झाला. यामागे केवळ संख्येची उणीव नव्हती. रक्तातील घटकांचे निदानातील महत्त्व स्त्री व पुरुष यांच्या बाबतीत सारखे नसते, हेही दिसून आले.

औषधांच्या बाबतीत असा अनुभव पूर्वीच आला आहे. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठी शिफारस केलेली मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये निम्म्यावर आणली. कारण स्त्रियांच्या शरीरातून ते अधिक सावकाश बाहेर पडते. तोवर सुमारे वीस वर्षे दोघांना एकच मात्रा दिली जात होती.

नोंद होण्यापूर्वीच

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५४ स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा मोबाईल फोन होता. इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया शेकडा ३३, तर पुरुष ५७ होते. पतीच्या फोनवर आलेला तपासणीचा संदेश पत्नीपर्यंत पोहोचेलच असे नाही. तो न पोहोचल्यास ती उपचारास मुकते आणि पुढील नोंदींतूनही वगळली जाते.

यास्तव आरोग्य शिबिरानंतर एकूण तपासण्यांचा आकडा सांगून थांबणे पुरेसे नाही. त्यांत स्त्रिया किती, नोंदविलेला फोन कोणाचा, कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही, ही माहिती ग्रामसभेपुढे स्वतंत्रपणे यावयास हवी. आशा कार्यकर्ती व शिक्षक यांचे साहाय्य यात मोलाचे ठरेल. आज नोंदवहीत न आलेली स्त्री उद्याच्या यंत्रालाही अनोळखीच राहील.