दायमाबादचा रथ आणि धातूची साक्ष

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये चार भरीव ओतीव शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन ६० किलोंहून अधिक. ती रीतसर उत्खननात नव्हे, योगायोगाने हाती आली. त्यामुळे त्यांचे वय वादात सापडले. अनेक पुरातत्त्वज्ञ त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र रासायनिक विश्लेषणावर बोट ठेवले: या धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे मिश्रण दिसत नाही. म्हणून शिल्पे पुष्कळ नंतरची असावीत, असा त्यांचा तर्क.

हा पुरावा मोलाचा आहे, पण त्याच्यावर कालनिर्णयाचा भार टाकणे मला पटत नाही. काही हडप्पाकालीन तांब्यातही आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आढळते, आणि ते मुद्दाम मिसळलेले की खनिजातूनच आलेले, हे टक्केवारी सांगत नाही. मग शिशाच्या समस्थानिकांवरून खाण शोधावी, असे कोणी म्हणेल. जरूर शोधावी; परंतु जुनी भांडी वितळवून नवे ओतकाम झाले असेल, तर अनेक खाणींच्या खुणा एकमेकींत मिसळतात. शिवाय खाण कळली तरी वर्ष कळत नाही. कार्बन-१४ला सेंद्रिय अवशेष लागतो. पोकळ मूर्तीच्या गाभ्यातली भाजलेली माती तापदीप्ती पद्धतीने वय सांगू शकते. ही शिल्पे भरीव असल्याने तीही वाट बंद आहे. उरतो तो मातीचा थर, ज्यातून ती नोंदीविना उचलली गेली.