ग्राउंडनंतरची जांभई

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, या सगळ्याचे मिळून ५० गुण. लेखी परीक्षेचे १००, तेही ९० मिनिटांत. पहाटे घाम गाळून पोरं नऊच्या सुमारास अभ्यासिकेत बसतात, काळ-काम-वेगाचं गणित उघडतात आणि डोळे मिटू लागतात. मग ‘ग्राउंड मारलं की डोकं चालत नाही’ असं ठरवून खरा अभ्यास रात्रीवर ढकलला जातो. माझ्या मते चूक इथेच होते. धावण्याला दोषी ठरवून आपण खऱ्या गुन्हेगारालाच बळ देतो.

धावण्याने डोकं बोथट होतं, याला पुरावा फारसा नाही. उलट बाजूचा मात्र आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी २००७मध्ये दाखवलं, की थोडा वेळ जोरात पळून लगेच नवे शब्द पाठ करायला बसलेल्या तरुणांनी ते नुसतं बसून असताना केलेल्या पाठांतरापेक्षा २० टक्के वेगाने आत्मसात केले. यावर कोणी म्हणेल, ती काही मिनिटांची धाव होती, आमच्या अकॅडमीत दोन-दोन तास पिळून काढतात. आक्षेप रास्त आहे. फ्रान्समध्ये सहनशक्तीच्या खेळाडूंचा सराव तीन आठवडे सुमारे ४० टक्क्यांनी वाढवून पाहिला, तेव्हा त्यांच्या मेंदूतला निर्णय सांभाळणारा पुढचा भाग मंदावला आणि ते दूरच्या मोठ्या लाभापेक्षा हातातला छोटा लाभ निवडू लागले (२०१९). पण हा परिणाम आठवडेच्या आठवडे चाललेल्या अतिरेकाचा होता, एका सकाळच्या धावण्याचा नव्हे. भरती जवळ आली म्हणून सराव एकदम दुप्पट करणाऱ्यांनी मात्र तो मनावर घ्यावा.

मग रोजची जांभई येते कुठून? पहिलं कारण पाणी. वजनाच्या दोन टक्क्यांइतकं पाणी घामावाटे गेलं की लक्ष ढळू लागतं. साठ किलोच्या मुलासाठी हे होतं सव्वा लिटरच्या आसपास, आणि एप्रिलच्या सकाळी ते जायला वेळ लागत नाही. दुसरं अन्न. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के खातो आणि रिकाम्या झालेल्या स्नायूंनाही तेव्हाच साखर हवी असते. नुसत्या चहावर हे दोघे भागत नाहीत. मेसचा नाश्ता उशिरा मिळतो, प्रोटीन पावडर परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण गूळ-शेंगदाणे, केळं आणि मीठ घातलेलं ताक एवढ्यानेही काम निभतं.

तिसरं कारण झोप, आणि खरा गुन्हेगार तोच. अमेरिकेत २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १४ रात्री सहाच तास झोपू दिलेल्यांची एकाग्रता पूर्ण जागरण केलेल्यांइतकी खालावली, आणि आपण एवढे मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला फारसं जाणवलंच नाही. ‘मला पाच तास पुरतात’ हे वाक्य म्हणूनच भरवशाचं नाही. रात्री बारापर्यंत वाचून साडेचारला उठणारा मुलगा सकाळी पेंगतो तो धावल्यामुळे नव्हे. ग्राउंडनंतरचा पहिला तास समानार्थी शब्द, वाक्प्रचार, चालू घडामोडी अशा पाठांतराला द्यावा, दुपारी वीस मिनिटांची डुलकी काढावी आणि गणित-बुद्धिमत्ता त्यानंतर घ्यावी. डुलकीला आळस म्हणणारे शिक्षक भेटतील. पण तासभर त्याच पानावर बसून राहण्याला ते मेहनत म्हणतात, हा हिशेब मला पटत नाही. संध्याकाळचा चहा तेवढा जपून प्यावा: शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं आणि पहाटेचा गजर तर साडेचारचा लावलेला असतो.